सतरा वादक, चार ओळी: शूबर्टच्या एका क्वार्टेटचं ऑर्केस्ट्रासाठी रेकॉर्डिंग

पार्श्वभूमी

जर्मनीतल्या एका मध्यम शहरात १७ वादकांचा स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा आहे. ५ पहिली व्हायोलिन, ४ दुसरी, ३ व्हिओला, ३ चेलो आणि २ डबल बेस. कंडक्टर ठेवलेला नाही. पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या लीडरबाई मानेने, श्वासाने आणि गजाच्या हालचालीने सगळ्यांना चालवतात. त्या आधी बरीच वर्षं एका क्वार्टेटमध्ये वाजवत होत्या, आणि पुढे जे घडलं त्यातल्या निम्म्या गोष्टींचं मूळ तिथे आहे. माझ्याकडे एडिटिंग होतं, म्हणजे वेगवेगळ्या टेकमधले (एकच जागा वाजवून केलेल्या एकेका रेकॉर्डिंगमधले) तुकडे निवडून सलग संगीत जोडायचं. ऑर्केस्ट्रा, लेबल (अल्बम काढणारी कंपनी) आणि माणसं यांची नावं इथे मुद्दाम वगळली आहेत.

ऑर्केस्ट्राला एक अल्बम करायचा होता. त्यात दोनच कृती, आणि दोन्ही मुळात स्ट्रिंग क्वार्टेट. पहिली शूबर्टचा डी मायनर क्वार्टेट, 'मृत्यू आणि कुमारिका' या नावाने ओळखला जाणारा. दुसरी शोस्ताकोविचचा आठवा क्वार्टेट, रुडॉल्फ बार्शाई यांनी स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी केलेल्या रूपात.

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. चार माणसं, चार ओळी, आणि प्रत्येक ओळीला एकच धनी. ऑर्केस्ट्रात तीच ओळ पाच जण मिळून वाजवतात आणि तळाला डबल बेस येतो. डबल बेसला क्वार्टेटमध्ये जागाच नसते. कागदावर एवढाच फरक. पण पाच जणांची ओळ एकट्याच्या ओळीइतकी मोकळी चालत नाही. एकाला वाटलं म्हणून क्षणभर रेंगाळता येत नाही, ते आधी ठरवून घ्यावं लागतं.

क्वार्टेट मोठ्या ताफ्याने वाजवायची रीत जुनी आहे. कंडक्टर टोस्कानिनींनी १९३८ मध्ये एनबीसी ऑर्केस्ट्राबरोबर बेथोवनच्या शेवटच्या क्वार्टेटमधले दोन भाग रेकॉर्ड केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी सॅम्युएल बार्बरचं 'अडाजिओ' पहिल्यांदा सादर केलं, आणि ते अडाजिओही मूळचं १९३६ च्या क्वार्टेटमधलं. कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइननी १९७७ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या तंतुवाद्यांकडून बेथोवनचा ओपस (म्हणजे कृतिक्रमांक) १३१ हा क्वार्टेट वाजवून घेतला. आपल्या आवडत्या रेकॉर्डिंगमध्ये ते त्याचं नाव घेत. तेव्हा 'हे करावं का' हा प्रश्न या ऑर्केस्ट्रापुढे नव्हता. 'कसं करावं' यावर मात्र सहा महिने गेले.

अडचण

लेबलची एक अट होती: कव्हरवर संगीतकार आणि कंडक्टर गुस्ताव माहलरचं नाव हवं. कारण सरळ व्यापारी होतं. शूबर्टच्या या क्वार्टेटची ऑर्केस्ट्रा-आवृत्ती म्हटलं की बाजारात 'शूबर्ट-माहलर' हेच जोडनाव चालतं.

या जोडनावामागची हकिकत जरा गुंतागुंतीची आहे. माहलरने १८९४ मध्ये हॅम्बुर्गला या क्वार्टेटचा फक्त दुसरा भाग तंतुवाद्यांच्या ताफ्याकडून वाजवून घेतला. बाकीच्या भागांसाठी त्याने आपल्या स्कोअरच्या (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या स्वरलिपीच्या) प्रतीत खुणा करून ठेवल्या होत्या, पण ते त्याच्या हयातीत वाजलेच नाहीत. त्या प्रतीवरून डेव्हिड मॅथ्यूज आणि डोनाल्ड मिचेल यांनी पूर्ण आवृत्ती तयार केली, ती १९८४ मध्ये छापून आली. म्हणजे आज 'माहलरची आवृत्ती' म्हणून जे ऐकू येतं त्यात थोडी माहलरची पेन्सिल आहे आणि थोडं संपादकांचं काम. काम उत्तमच आहे. पण नव्वद वर्षांनी आकाराला आलेलं आहे, आणि कव्हरवरच्या मोठ्या अक्षरांत हे मावत नाही.

माहलरला या उद्योगाबद्दल शिव्याही खाव्या लागल्या. १८९९ च्या जानेवारीत व्हिएन्नात त्याने बेथोवनचा ओपस ९५ हा क्वार्टेट असाच ताफ्याने वाजवला तेव्हा सभागृहात निषेध झाला आणि समीक्षक तुटून पडले. त्याचं म्हणणं असं होतं की ही रचना घरच्या खोलीसाठी आहे. मोठ्या सभागृहात चौघांचे स्वर हरवतात, ते भरून काढायला जास्त माणसं हवीत.

आता मुद्दा रेकॉर्डिंगचा. रेकॉर्डिंगमध्ये सभागृह मोठं असो की लहान, माइक हवा तेवढा जवळ नेता येतो. चार माणसांचा आवाज ऐकणाऱ्याच्या खोलीत हवा तेवढा मोठा करता येतो. माहलरचं मुख्य कारण इथे लागूच होत नाही. लीडरबाईंनी पहिल्याच बैठकीत हे मांडलं. आवाज वाढवायला १७ जण नको असतील, तर १७ जणांनी करायचं काय? लेबलकडे याचं उत्तर नव्हतं. खरं तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

त्यात एक व्यावहारिक पेच. माहलरच्या खुणांमागे भरघोस ताफा गृहीत आहे. इथे व्हिओला तीनच. एका ओळीचे दोन भाग करायची वेळ आली की एकीकडे दोन वादक आणि दुसरीकडे एक. तंतुवाद्यांत एकच ओळ दोघांनी वाजवणं सगळ्यात अवघड. एकटा असला तर त्याचा सूर तोच प्रमाण, तिघं असले तर आवाज मिसळून गोल होतो. दोघांत मात्र सुतभर फरक पडला तरी तो उघडा ऐकू येतो.

पर्याय

चार पर्याय समोर आले. त्यातले दोन झटपट गळले. एखाद्या अरेंजरकडून (दुसऱ्या वाद्यांसाठी रूपांतर करणाऱ्याकडून) नवं काम करून घ्यायचं तर पैसाही नव्हता आणि वेळही. शूबर्टऐवजी संगीतकाराने स्वतःच केलेलं रूपांतर घ्यायचं, उदाहरणार्थ बर्गच्या 'लिरिक स्वीट'मधले तीन भाग किंवा वेबर्नचे ओपस ५ चे पाच तुकडे, हा विचार वादकांना आवडला, लेबलला नाही.

उरले दोन. १९८४ ची आवृत्ती भाड्याने घ्यायची आणि जशी आहे तशी वाजवायची, हा एक. दुसरा, शूबर्टच्या मूळ क्वार्टेटचे पार्ट (एकेका वाद्याच्या ओळीची पानं) घ्यायचे, डबल बेसचा पार्ट स्वतः तयार करायचा आणि कुठे किती जण वाजवणार हे जागेजागी ठरवायचं.

पहिल्या पर्यायात नाव मिळत होतं, तयार साहित्य मिळत होतं. पण भाड्याच्या करारात एक कलम होतं: छापलेल्या मजकुरात बदल करायचा नाही. म्हणजे तीन व्हिओलांची अडचण आली म्हणून एखादा स्वर इकडचा तिकडे केला, किंवा एखाद्या पानावर डबल बेस गप्प ठेवला, तर परवानगी मागावी लागणार. परवानगी मिळाली तरी मग ती माहलरची आवृत्ती म्हणायची का, हा प्रश्न राहतोच. दुसऱ्या पर्यायात शूबर्टवर कुणाचा हक्क उरलेला नाही, हात मोकळे. पण कव्हरवर सांगायला काही नाही.

करार शेवटपर्यंत वाचला तो एका व्हिओलावादकाने, आणि तोही तालमी सुरू झाल्यानंतर. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की साहित्य भाड्याने आणायचं आणि हवे ते फेरफार करायचे. हा उशीर पुढे महागात पडला.

पहिला निर्णय: कोणता स्कोअर

निर्णय वादाने झाला नाही, ऐकून झाला. दुसऱ्या भागाची सुरुवात दोन प्रकारे वाजवून पाहिली. हा भाग शूबर्टने १८१७ मध्ये लिहिलेल्या गाण्यावर उभा आहे. मथियास क्लाउडियसच्या कवितेत कुमारिका मृत्यूला दूर हो म्हणते आणि मृत्यू तिला धीर देतो. क्वार्टेटमध्ये शब्द नाहीत. गाण्यातल्या पियानोची आणि मृत्यूच्या बोलण्याची संथ, एकाच चालीने पावलं टाकणारी स्वरसंगती तेवढी आहे. जी मायनर, अगदी हळू आवाज, आणि पुढे त्यावर पाच व्हेरिएशन, म्हणजे त्याच धुनेची बदलत जाणारी रूपं.

आधी डबल बेससह वाजवलं. सुंदर वाजलं, खोल, ऑर्गनसारखं. मग डबल बेस गप्प ठेवून. तळ गेला, आणि मधल्या व्हिओलांचा सूर पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. खोलीतल्या बहुतेकांना दुसरा प्रकार पटला. मलाही. त्या कवितेतला मृत्यू धमकावत नाही, समजूत घालतो. पहिल्याच स्वराला डबल बेसचा खर्ज लावला की तो धमकावू लागतो. एक चेलोवादक मात्र शेवटपर्यंत विरोधात राहिला. त्याचं म्हणणं, डबल बेस काढलात तर हा निव्वळ फुगवलेला क्वार्टेट झाला. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे एका समीक्षकाने जवळजवळ हेच लिहिलं.

ठरलं: मूळ पार्ट, बेसचा पार्ट आपला.

दुसरा निर्णय: डबल बेस कुठे गप्प बसणार

बेसचा पार्ट तयार करायचं काम दोघांपैकी ज्येष्ठ बेसवादकाने अंगावर घेतलं. त्याची पद्धत मला फार आवडली. त्याने चेलोचा पार्ट घेतला आणि स्वर जोडण्याऐवजी खोडायला सुरुवात केली. डबल बेस लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, त्यामुळे चेलोचा पार्ट त्याच्यापुढे ठेवला की प्रत्येक स्वराला खाली आपोआप एक सावली पडते. ती सावली कुठे नको हे त्याने आधी ठरवलं. दोघांचीही वाद्यं पाच तारांची होती, त्यामुळे अगदी तळाचे स्वर हाताशी होते, आणि म्हणूनच मोह जास्त.

सगळ्यात स्पष्ट जागा दुसऱ्या व्हेरिएशनची. तिथे चेलो आपली तळाची जागा सोडून वर चढतो आणि धून गातो. खालचा आधार व्हिओलाकडे जातो. अशा वेळी बेसने चेलोची ओळ सप्तकाखाली वाजवली तर धून तळाखाली जाऊन बसते आणि सगळी स्वरसंगती उलटीपालटी होते. व्हिओलाचा आधार मग आधार राहत नाही. चेलो म्हणजे तळ असं समजून डोळे मिटून ओळी दुप्पट केल्या की नेमकं हे होतं. या व्हेरिएशनमधून बेस पूर्ण काढला.

तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये घोड्याच्या टापांसारखी एक लय आहे, आवाज एकदम कडक होतो. तिथे बेस हवेतच. १७ जणांनी वाजवण्याचं खरं कारण इथे सापडतं. चार माणसं इथे जीव तोडून वाजवतात आणि ते तोडणं ऐकू येतं. १७ जण वाजवतात तेव्हा वजन येतं. दोन्ही खरं आहे, पण वेगळं आहे. पाचव्या व्हेरिएशनमध्ये वादळ हळूहळू उठतं, म्हणून बेसला सुरुवातीला गप्प बसवलं आणि आवाज चढू लागल्यावर आत घेतलं. शेवट जी मेजरमध्ये विझत जातो, तिथे पुन्हा गप्प.

शेवटच्या भागात प्रेस्टो, म्हणजे अतिशय वेगवान, सहा-आठच्या तालातला टारांटेला या इटालियन नाचाच्या वळणाचा नाच. सुरुवातीला सगळे एकाच ओळीत, दबक्या आवाजात धावतात. बेसवादकांना त्या धावण्यात सामील व्हायचं होतं आणि ते वाजवूही शकत होते. लीडरबाईंनी नाही म्हटलं. इतक्या वेगात खालच्या सप्तकातले स्वर उमटेपर्यंत पुढचा स्वर आलेला असतो, गढूळपणा येतो. बेस फक्त मधल्या रुंद, कोरालसारख्या (चर्चमधल्या समूहगीतासारख्या) जागांना ठेवले. यावर थोडी नाराजी झाली. ती योग्यच होती. सबंध भागात मोजक्या ओळी वाजवायला कुणाला आवडेल?

हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की बेसवादक निम्म्याहून जास्त वेळ गप्प आहेत. ही अरेंजमेंट झाली की नाही यावर ऑर्केस्ट्रात बरेच दिवस चेष्टा चालली. माझं मत, झाली. बेसचे स्वर कमी असल्यामुळेच ते आले की कळतं.

तिसरा निर्णय: एक, तीन की पाच

पहिल्या व्हेरिएशनमध्ये पहिलं व्हायोलिन वर हुंदके दिल्यासारखी तुटक ओळ वाजवतं, मधली वाद्यं तीन-तीनच्या लयीत धडधडतात, चेलो तार छेडतो. सगळ्यांना वाटलं, लीडरबाई ही ओळ एकट्या वाजवणार. क्वार्टेटमध्ये वाढलेली बाई, संधी सोडेल कशाला?

त्यांनी साफ नकार दिला. कारण ऐकण्यासारखं होतं. क्वार्टेटमध्ये पहिलं व्हायोलिन चौघांतलं एक असतं. मागे दहा-बारा माणसं ठेवून एकटीने तीच ओळ वाजवली तर ती कॉन्चेर्टोतली, म्हणजे एका वादकाला पुढे करून ऑर्केस्ट्रा साथीला ठेवणाऱ्या रचनेतली, सोलो होते. स्वर तेच, पण नातं बदललं. एकटीने वाजवणं हे मूळाशी जास्त प्रामाणिक असं वरवर वाटतं, प्रत्यक्षात ते जास्त दूर जातं.

पण पाच जणींनी वाजवल्यावर ओळ जड झाली. हुंदका एकाच वेळी पाच जणींना कसा येणार? मग वरची वाद्यं सारखी कमी केली: तीन पहिली, तीन दुसरी, तीन व्हिओला, आणि तार छेडायला दोन चेलो. तीन हा आकडा कुठून आला ते वर सांगितलंच. रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही प्रकार घेतले, सगळ्यांचा आणि कमी माणसांचा. अल्बममध्ये कमी माणसांचा आहे. अख्खं व्हेरिएशन प्रत्यक्ष चौघांनी वाजवायचं अशीही एक सूचना आली होती. करामत वाटेल म्हणून सोडली.

चौथा निर्णय: दुहेरी स्वर वाटायचे का

पहिला भाग धाडकन सुरू होतो. पूर्ण जोरात, एकेका वादकाला एकाच वेळी दोन-दोन तारांवर स्वर. ऑर्केस्ट्रात अशा वेळी सर्रास वाटणी करतात: अर्ध्यांनी वरचा स्वर, अर्ध्यांनी खालचा. सूर स्वच्छ लागतो आणि कुणाला कष्ट पडत नाहीत.

इथे वाटणी केली नाही. प्रत्येकाने दोन्ही तारा ओढायच्या असं ठरलं. गज दोन तारांवर दाबताना जो खरखरीत ताण येतो तो त्या सुरुवातीत हवाच. किंमत अशी की १७ जणांचे दुहेरी स्वर एकाच वेळी सुरात लागेपर्यंत टेकवर टेक घ्यावे लागले. एडिटिंगच्या टेबलावर मला या पहिल्या काही मापांनी जेवढा त्रास दिला तेवढा बाकी सगळ्या भागाने मिळून दिला नाही.

रेकॉर्डिंग

जागा म्हणून शहरातलं एक चर्च मिळालं, जवळजवळ फुकट. रेडिओच्या स्टुडिओ हॉलचं भाडं परवडणारं नव्हतं. चर्चमध्ये घुमारा भरपूर, रिकामं असताना जवळजवळ तीन सेकंद. संथ भागाला हे वरदान. प्रेस्टोला शाप.

रेकॉर्डिंगची सूत्रं एका टोनमाइस्टरच्या हातात होती. जर्मनीत हा रीतसर शिकायचा पेशा आहे. डेटमोल्डच्या संगीत विद्यालयात १९४९ पासून तो शिकवला जातो. स्कोअर वाचता येणं आणि माइक कळणं, दोन्ही त्याच माणसाकडून अपेक्षित असतं. त्याने तालमीतच बजावलं होतं की शेवटचा भाग या जागेत चिखल होईल. ऐकलं कुणी नाही, कारण दुसरी जागा नव्हतीच.

मग उपाय. भिंतींवर जाड काळे पडदे टांगले. मुख्य माइकची जोडी वादकांच्या जवळ आणली. वादकांना अर्धवर्तुळात दाटीने बसवलं आणि बेस मधोमध मागे घेतले, म्हणजे खर्ज एका बाजूने ओढल्यासारखा वाटणार नाही. गजाचे फटके आखूड केले. एवढं करून शेवटी वेगही थोडा उतरवला. लीडरबाईंना हे सगळ्यात जास्त लागलं. हा नाच दम लागेपर्यंत धावला पाहिजे असं त्यांचं ठाम मत होतं.

एडिटिंगच्या बाजूने सांगायचं तर घुमाऱ्यामुळे सांधे जोडणं अवघड होतं. एका टेकमधला स्वर कापून दुसरा जोडला तरी आधीच्या स्वराची शेपटी मागे उरते, आणि दोन टेकचा वेग किंचित जरी वेगळा असला तरी ती शेपटी खोटी ऐकू येते. म्हणून शेवटच्या भागात लहान तुकडे वापरायचे नाहीत असं आम्ही ठरवलं. लांब टेक घेतले, दोन-चार ठिकाणी व्हायोलिन एकमेकांच्या केसभर मागेपुढे झाले ते तसेच ठेवले. दुसऱ्या भागाची अखेर तर एका सलग टेकमधून आली आहे. त्यात एका चेलोच्या गजाचा बारीक आवाज आहे, तोही ठेवला.

शोस्ताकोविचबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. हा क्वार्टेट त्याने जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळच्या गोरिशमध्ये तीन दिवसांत लिहिला. बार्शाई स्वतः व्हिओलावादक, बोरोदिन क्वार्टेटच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक, पुढे मॉस्को चेंबर ऑर्केस्ट्राचे संस्थापक. क्वार्टेट आतून माहीत असलेल्या माणसाने, संगीतकाराच्या संमतीने केलेलं हे रूपांतर ओपस ११०ए म्हणून रुळलं आहे. कुठे सगळे, कुठे सोलो, कुठे बेस, सगळं पानावर लिहिलेलं. भाड्याने साहित्य आणलं, छापल्याप्रमाणे वाजवलं, वेळेच्या आधी संपलं. शूबर्टच्या वेळी जे भांडून ठरवावं लागलं ते इथे बार्शाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

निकाल

माहलरचं नाव नाही म्हटल्यावर लेबल नाराज झालं. करार मोडला नाही, पण प्रसिद्धीचा खर्च कमी केला आणि सीडीच्या प्रती कमी काढल्या. कव्हरवर 'शूबर्ट, शोस्ताकोविच' एवढंच आलं, खाली बारीक अक्षरांत 'स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी'. बेसचा पार्ट कुणी केला हे आतल्या पुस्तिकेत आहे. ज्येष्ठ बेसवादकाने 'अरेंजमेंट' हा शब्द आपल्या नावापुढे लावू दिला नाही.

विक्री बेताची झाली. रेडिओने दुसरा भाग वाजवला. एका समीक्षकाने मधले स्वर इतके स्वच्छ क्वचित ऐकू येतात असं लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, इतकं बारीक करायचं होतं तर चार माणसांनी का नाही वाजवलं?

हा प्रश्न टोलवण्यासारखा नाही. तिसऱ्या व्हेरिएशनसाठी, पाचव्याच्या चढणीसाठी आणि तिसऱ्या भागाच्या, स्केर्झोच्या, आडव्यातिडव्या ठोक्यांसाठी माझं उत्तर तयार आहे: तिथे १७ जणांकडून जे मिळतं ते चौघांकडून मिळत नाही, आणि ते मिळावं म्हणूनच बाकीच्या जागा बारीक ठेवल्या. पहिल्या भागासाठी माझ्याकडे तसं उत्तर नाही. सुरुवातीची ती दुहेरी स्वरांची झटापट चौघांनी केली की जास्त थरारक वाटते. प्रेस्टोवर दोघांनीही जडपणाचा ठपका ठेवला. तो जडपणा अरेंजमेंटचा नव्हता, चर्चचा होता, पण ऐकणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं?

वेगळं काय करता आलं असतं

करार आधी वाचायला हवा होता, हे उघड आहे. भाड्याच्या साहित्यात बदल चालत नाही हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर लेबलशी माहलरबद्दलचं बोलणं सुरुवातीलाच झालं असतं, कव्हरचं डिझाइन तयार झाल्यावर नाही. लेबललाही तेव्हा माघार घेणं सोपं गेलं असतं. शिवाय तिसरी वाट निघाली असती. माहलरने प्रत्यक्ष वाजवला तो दुसरा भागच. तेवढा त्याच्या आवृत्तीतून घ्यायचा, बाकी आपलं, आणि कव्हरवर तसं स्पष्ट लिहायचं. ही वाट कुणी मांडलीच नाही. मांडली असती तर संथ भागात बेस माहलरच्या आवृत्तीप्रमाणे आले असते, म्हणजे लीडरबाईंनी ती नाकारली असती असा माझा अंदाज आहे. पण लेबलला निदान बोलायला जागा मिळाली असती.

जागेचा निर्णय स्कोअरच्या निर्णयाआधी व्हायला हवा होता. बेस कुठे गप्प हे तालमीच्या कोरड्या खोलीत ठरलं. चर्चच्या घुमाऱ्यात खर्ज आधीच रेंगाळत होता, त्यामुळे स्केर्झोतल्या काही जागी बेस ठेवले ते तिथे जास्त झाले. उलट पहिल्या भागात काही ठिकाणी काढले ते ठेवता आले असते. चर्चमध्ये एक संध्याकाळ, एक माइकची जोडी आणि बेसवादकाच्या हातात खोडरबर, एवढ्यावर हे कळलं असतं. टोनमाइस्टर सुरुवातीच्या बैठकांना नव्हता हीदेखील त्याच चुकीची दुसरी बाजू. खर्चाच्या यादीत त्याचे दिवस फक्त रेकॉर्डिंगपुरते धरले होते.

प्रेस्टोबद्दल मतभेद अजून मिटलेला नाही. टोनमाइस्टरच्या मते वेग उतरवणं अपरिहार्य होतं. लीडरबाई म्हणतात, तो भाग तरी दुसरीकडे रेकॉर्ड करायला हवा होता, कोरड्या जागेत, आणि घुमारा नंतर हलकासा घालता आला असता. एकाच कृतीचे भाग दोन जागी रेकॉर्ड केले की तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मध्ये भिंत बदलल्याचं कान ओळखतो, असं मला वाटतं. पण चर्चसारखाच घुमारा कृत्रिम घालणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही, हेही कबूल करायला हवं.

ऑर्केस्ट्रा पुढे बेथोवनचा ओपस ९५ घेणार आहे, पुन्हा मूळ पार्टवरून. यावेळी टोनमाइस्टर पहिल्या तालमीपासून बसणार आहे आणि जागा आधी ठरली आहे: एका शाळेचं लाकडी सभागृह, घुमारा कमी, भाडं जास्त. बेसचा पार्ट पुन्हा त्याच बेसवादकाकडे. बेसने बोलायचं नाही अशी पहिली जागा त्याने खुणावली आहे ती दुसऱ्या भागाच्या सुरुवातीची, जिथे चेलो एकटाच पायरी पायरीने खाली उतरतो.